आधी भावाकडं

बीडमधल्या आमच्या मंडळीत बाप्तिस्म्याच्या वर्गाला सगळ्यांच्या आधी येऊन बसणारा माणूस एकच होता, आणि वर्ग संपला की पाण्यात न उतरणाराही तोच. लिंबाजीभाऊ. दर वर्षी पहिल्या दिवशी हजर. पांढरा पायजमा, वर खाकी शर्ट, नखांत काळं वंगण आणि मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं शास्त्र, म्हणजे बायबल. नव्या मुलांना वाटायचं, हेच पाळक. मग आमचे पाळकसाहेब, म्हणजे माझे यजमान, आत यायचे तेव्हा मुलांचा जरा हिरमोड व्हायचा. मला त्याचं नवल वाटत नसे. लिंबाजीभाऊंचा देह पाळकाला शोभेल असा होता. आमच्या ह्यांचा पहिल्यापासून कारकुनाला.

मांजरसुंब्याच्या चौकात, धाब्यांच्या रांगेच्या टोकाला भाऊंचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, हवा भरायचं मशीन, एक खाट आणि पाण्यानं भरलेली अर्धी कापलेली टाकी. आमची ओळख तिथंच झाली. एका गावात प्रार्थनासभा होती. ह्यांच्या मोटरसायकलवर मागं मी, माझ्या मांडीवर पेटी, आणि बरोबर चौकात मागचं चाक बसलं. भाऊंनी पंक्चर काढलं, टायरवर दोनदा हात फिरवला आणि म्हणाले, "ट्यूब केली नीट, पन टायर म्हातारा हाय. कुठं जानार?"

ह्यांनी गावाचं नाव सांगितलं.

"लई लांब हाय. बाईमाणूस हाय संगं. चला, मी येतो मागं."

दुकान शेजारच्या चहावाल्याच्या भरवशावर टाकून, आपल्या लुनाला हवेचा पंप बांधून हा माणूस खरंच आमच्या मागं आला. सभा एका घराच्या पडवीत होती. भाऊ उंबऱ्याशी बसले, तोंड अंगणाकडं, नजर आमच्या टायरवर. त्या दिवशी हे हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते. मेंढपाळाची शंभर मेंढरं असतात, एक चुकतं, तो नव्व्याण्णव रानात सोडतो आणि त्या एकाच्या शोधात जातो. ही गोष्ट सांगताना ह्यांचा आवाज नेहमी दाटून येतो. तो नेमका दाटला असताना उंबऱ्यावरून प्रश्न आला.

"नव्व्याण्णव कुनाच्या हवाली केली?"

हे थांबले. "काय म्हणालात?"

"न्हाई, आमी मेंढरामागचीच माणसं. रानात अशी सोडली तर लांडगा ठिवतो का? कुनाच्या तरी हवाली केली आसतील ना?"

हे शोधून सांगतो म्हणाले. पुढच्या रविवारी उपासनेला भाऊ हजर! उत्तर ऐकायला. त्या रविवारीही ते मिळालं नाही, म्हणून त्याच्या पुढच्याही रविवारी आले. असे ते आमच्या मंडळीत आले आणि राहिले.

भाऊंचं तोंड फार वाईट होतं, हे आधीच सांगून टाकते. चौकात ट्रक घेऊन येणाऱ्या माणसांशी ज्या भाषेत बोलावं लागतं ती त्यांना पुरेपूर येत होती, आणि ती रविवारी घरी ठेवून येणं त्यांना जमत नसे. उपासनेत कुणी उगाच लांबलचक प्रार्थना करू लागलं की मागच्या बाकावरून घसा खाकरल्याचा आवाज यायचा. आपल्या उपासांच्या, आपल्या विश्वासाच्या गोष्टी कुणी रंगवून सांगू लागलं की ते मान हलवून म्हणायचे, "हवा भरून दावू नगा. पान्यात घाला."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ट्यूब हवा भरली की टम्म दिसते. हातानं चाचपून काही कळत नाही. टाकीतल्या पाण्यात बुडवली की मग बुडबुडे येतात आणि भोक कुठं आहे ते दिसतं. बाप्तिस्म्याचा अर्थ त्यांनी असा लावला होता. आमचे पाळकसाहेब वर्गात समजावून सांगायचे, की पाण्याखाली जाणं म्हणजे जुन्या माणसाला मूठमाती देणं आणि वर येणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर नवं जगणं. मुलं वहीत लिहून घ्यायची. भाऊ ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "बराबर हाय. पन ध्यानात ठिवा, पानी भोक दावतं. बुजवत न्हाई. घासायचं, सोलूशन लावायचं, दाबून धरायचं, ते काम पान्याभाईर आल्यावर."

हे त्यांना मधूनच म्हणायचे, "भाऊ, बुजवणारा प्रभू आहे."

"मंग मी कुटं म्हनलं मी हाय? पन दाबून तर धरावं लागतं का न्हाई?"

एका वर्षी वर्गात एक चांगल्या घरचा, शिकवण्या घेणारा तरुण आला. इस्त्रीचे कपडे, सगळी वचनं तोंडपाठ. पाळकसाहेब खुशीत. भाऊंनी त्याला आपलं सहज विचारल्यासारखं विचारलं, "लगीन ठरलंय का?"

मुलगा लाजला. पुढच्या महिन्यात होतं. मुलीकडचे ख्रिस्ती, त्यांनी अट घातली होती, आधी बाप्तिस्मा.

"आन् समजा उद्या पोरीनं न्हाई म्हनलं, तर प्रभूला ठिवनार का सोडनार?"

मुलाचा चेहरा पडला. मला भाऊंचा राग आला. वर्ग संपल्यावर मी त्यांना चांगलंच सुनावलं, की तुम्ही पाळक आहात का, आलेल्या माणसाला असं घालवून देतात का. तो मुलगा पुन्हा आला नाही आणि त्याचं लग्नही, कोणत्या का कारणानं असेना, मोडलं. पुढच्या वर्षी वर्गाच्या पहिल्या दिवशी लिंबाजीभाऊंच्या शेजारी तोच येऊन बसला. ना लग्न, ना अट. "भाऊ, मी ठेवणार आहे," एवढंच म्हणाला. त्याचा बाप्तिस्मा आमच्या मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या हौदात झाला. कोरडा हौद टँकरनं भरून घेतला होता. पाण्यातून वर आल्यावर त्याला टॉवेल द्यायला भाऊच पुढं होते. त्या मुलानं डोकं पुसता पुसता त्यांना विचारलं, "आणि तुम्ही का उतरत नाही?"

सगळी मंडळी बघत होती. भाऊ म्हणाले, "माजं भोक कुटं हाय ते मला ठाव हाय. पान्यात कशाला घालू?"

त्या संध्याकाळी ते आमच्या घरी आले आणि चहाचा कप हातात धरून पहिल्यांदा सगळं बोलले.

भाऊंचं गाव दिंद्रुडकडचं. घर मेंढपाळाचं. वडील लवकर गेले, घरात आई आणि दोन भाऊ, थोरले लिंबाजीभाऊ, धाकटा किसन. ऐन तारुण्यात भाऊंना मेंढरामागं फिरायचा कंटाळा आला. एका ट्रकवर क्लीनर म्हणून गेले, पुढं मांजरसुंब्याला दुकान टाकलं. मेंढरं आणि आई किसनकडं राहिली. (नव्व्याण्णव कुणाच्या हवाली, हा प्रश्न त्या माणसाला का सुचला ते मला तेव्हा उमगलं.) सणासुदीला आईला लुगडं घेऊन जायचे, रात्रभर राहून परत. ते आमच्या मंडळीत यायला लागल्यावर गावात कुजबुज झाली. आणि एक दिवस आई गेली. किसननं कळवलं नाही. माती होऊन गेली, दिवस होऊन गेले, आणि चौकात ट्यूब बदलायला आलेल्या गावच्या एका जीपवाल्यानं भाऊंना विचारलं, "कावून आला न्हाईस बे म्हातारीच्या मातीला?"

"मला आईचं तोंड बघू दिलं न्हाई त्यानं," भाऊ म्हणाले. "मी रोज परार्थना करतो. सगळं सुटतं. हे सुटत न्हाई. किसन्याचं नाव निघालं की माज्या तोंडात शिवी येती. आसल्या तोंडानं पान्यात उतरू? ढोंग हुईल ते."

ह्यांनी त्यांना परोपरीनं सांगितलं. बाप्तिस्मा हे पास झाल्याचं सर्टिफिकेट नाही, ती सुरुवात आहे. चांगलं झाल्यावर यायचं असतं तर कुणीच आलं नसतं. मी माझ्या परीनं म्हटलं, "भाऊ, आंघोळीला जाताना कुणी अंग धुऊन जातं का?"

"अंग न्हवं वैनी. पायातलं जोडं तरी काढतं का न्हाई? त्यो किसन्या माज्या पायातला जोडा हाय."

एकदा ठरलं की त्या माणसाला हलवणं म्हणजे भरल्या ट्रकला मागून ढकलणं.

त्या वर्षीच्या हंगामाच्या सणाला ह्यांनी बोध केला तो त्यांच्यासाठीच होता, हे सगळ्या मंडळीला कळलं. त्या रविवारी आमच्याकडं लोक शेतातलं काही ना काही अर्पण आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. येशूनं सांगितलंय ना, की अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथं भावाची आठवण झाली, त्याच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी भावाकडं जा, समेट कर, मग ये. हे एवढं वाचून झालं आणि मागच्या बाकावरून भाऊ उठले. त्यांनी एक मोठा लाल भोपळा आणला होता. तो त्यांनी उचलला, मधल्या वाटेनं चालत आले, व्यासपीठाच्या पायरीवर ठेवला आणि ह्यांना म्हणाले, "ठिवला. निघालो." बोध अर्धाच झाला होता. भाऊ दारातून बाहेर, स्टँडच्या दिशेनं. मुलं खिदळायला लागली. ह्यांना पुढचा बोध सुचेना.

रात्रीच्या जेवणाआधी भाऊ आमच्या दारात परत. चेहरा तांबडालाल.

"काय झालं?"

"पेढे घिऊन गेलतो. म्हनलं, किसना, तू मला आईच्या मातीला बोलीवलं न्हाईस, पन मी तुला माफ करायला आलोय."

"मग?"

"त्यो म्हनला, कशाची माफी? आई खाटंवर पडली तवा तिचं हागणंमुतणं कुनी काढलं? पाय सुजलेली मेंढरं पाठीवर घिऊन कोन हिंडलं? तू मला माफ करनार? आन् तुला मी कवा करायचं? पेढे घेतले, पोरांना वाटले, आन् म्हनला, जा. मला माफ करायला येतो! आसं, वैनी! मी शास्त्राप्रमानं गेलतो!"

मला हसू आवरेना, आणि हसल्यावर वाईटही वाटलं. हे काही तरी मऊ बोलायला गेले, तर भाऊ त्यांच्यावरही खेकसले आणि निघून गेले.

मग ते कितीतरी रविवार आले नाहीत. भोपळा मात्र पायरीवर तसाच. मंडळीचे पंच म्हणाले, लिलावात काढा. मी म्हटलं, अर्पण पुरं झालेलं नाही, कुणी हात लावायचा नाही. हे मी भक्तिभावानं म्हणत होते असं नाही. मला त्या माणसाची काळजी लागली होती आणि भोपळा तिथं आहे तोवर तो येईल, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात बसलं होतं. झाडू मारताना मी त्याच्याभोवतीनं मारायची. शेवटी तो खालून सडला, वास यायला लागला आणि मलाच तो उचलून टाकावा लागला. पायरीवर डाग राहिला.

त्यानंतर एका सकाळी भाऊ आले. दाढी वाढलेली. बसलेही नाहीत.

"पाळकसाहेब, मी परत वाचलं. तिथं लिवलंय, भावाच्या मनात तुज्याइरुद्ध काय आसंल तर. मी उलटंच घिऊन बसलतो. किसन्या खरं बोलला. आई त्याच्या अंगावर टाकून मी हितं बसलो."

"मग आता?"

"आता जातो. पन ह्या बारीला बोलायला न्हाई. दिवाळी जवळ आली, लोकरीची कातरणी हाय. त्याच्याआदी मेंढरं धुत्यात. दोन माणसं लागत्यात, एक धरायला, एक चोळायला. मी गेल्यापून त्याला दुसरं माणूस न्हाई. तुमी दोगं चला संगं. माज्या तोंडाचा भरवसा न्हाई. तुमी काठावर हुबं ऱ्हायला की शिवी येत न्हाई."

आम्ही गेलो. गावाबाहेर पाझर तलाव आहे, काठाला बाभळी. मेंढरं काठावर दाटीवाटीनं उभी आणि कंबरभर पाण्यात एक काटक, भाजलेल्या रंगाचा माणूस एका मेंढीची लोकर दोन्ही हातांनी पिळत होता. चेहरा थेट भाऊंचा, फक्त निम्म्या अंगाचा. त्यानं आम्हाला पाहिलं, रामराम नाही की या नाही. भाऊंनी शर्ट काढून बाभळीला टांगला, पायजमा वर खोचला आणि सरळ पाण्यात शिरले. किसननं हातातली मेंढी सोडली आणि पुढची भाऊंच्या अंगावर ढकलली.

कितीतरी वेळ त्या दोघांत मेंढरांपलीकडं एक शब्द झाला नाही. "मान वर धर." "कानात पानी गेलं बघ." "आसं न्हवं, पोटाखालून." भाऊंना विसर पडला होता, चुकत होते, आणि किसन त्यांच्यावर ओरडायची एक संधी सोडत नव्हता. मी भाऊंच्या तोंडाकडं बघत होते. दोनदा तोंड उघडलं. दोनदा मिटलं. मनात मी प्रार्थना करत होते, इतकी मनापासून मी उपासनेतही करत नाही.

किसनची बायको सखूबाई माझ्याजवळ येऊन बसली. कोऱ्या चहाचा पेला हातात दिला. पाण्याकडं बघत म्हणाली, "आजवर तिथं दुसऱ्या अंगाला मीच हुबी ऱ्हायची. पोटुशी आसताना बी. आज पयल्यांदा कोरडी बसलेय."

मी पेला परत तिच्याच हातात दिला, आधी तुम्ही घ्या म्हटलं.

शेवटची मेंढी काठावर चढून अंग झाडत गेली. पाणी गढूळ, वर लोकरीचे पुंजके आणि लेंड्या तरंगत होत्या. दोघं भाऊ तसेच पाण्यात उभे. मग भाऊ म्हणाले, "किसना, आई तुज्या अंगावर टाकून गेलो. चुकलं माजं."

किसननं हात धुतले, तोंडावर पाणी मारलं. मग म्हणाला, "फोन हातात घेतलता मी. मंग म्हनलं, जित्तेपनी कवा इचारलं न्हाई, आता कशाला सांगू. राग हुता. सांगायला पायजे हुतं." आणि लगेच, जणू काही झालंच नाही असं, "चल, भाईर ये. गारठशील."

"थांब," भाऊ म्हणाले आणि काठाकडं वळले. "पाळकसाहेब, आता काय अडलंय?"

ह्यांना क्षणभर कळलंच नाही. मला कळलं. मी म्हटलं, "अहो, उतरा."

"इथं? अशा पाण्यात? भाऊ, रविवारी हौद भरून घेतो मी. नाहीतर त्या अंगाला जाऊ, तिकडं स्वच्छ आहे."

"हितंच. ही घान आमच्याच घरची हाय."

हे उतरले. ह्यांची एकुलती एक चांगली पँट. ती काढून ठेवायला सांगावं हे मला सुचलं नाही आणि त्या पँटवरचे डाग पुढं कधी निघाले नाहीत. काठावर गावातले दोघंतिघं जमले होते. एकानं विचारलं, "किसन्या, काय चाललंय बे? कोन हायेत हे?" किसननं मान वळवून सांगितलं, "माजा भाऊ हाय. त्याचं त्याला कळतंय." तेवढ्यावर ते काठावरच बसून बघायला लागले. ह्यांनी भाऊंना विचारायचं ते विचारलं. भाऊंनी "व्हय" म्हटलं, दर वेळी आधीपेक्षा मोठ्यानं. मग ह्यांनी एक हात त्यांच्या पाठीला लावला, आणि तळाच्या चिखलात ह्यांचाच पाय सरकला. किसन दोन ढांगांत पलीकडून आला.

"तुमच्यानं पेलायचा न्हाई त्यो," असं म्हणून त्यानं थोरल्या भावाचा दुसरा खांदा धरला.

हे माझ्याकडं बघायला लागले. ह्याला मंडळीच्या नियमांत कुठं जागा आहे का, हा प्रश्न मला तिथून त्यांच्या कपाळावर वाचता येत होता. मी नजर पाण्याकडं वळवली. मग ह्यांनी पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं, आणि त्या दोघांनी मिळून भाऊंना त्या गढूळ पाण्याखाली घातलं आणि वर काढलं. भाऊ ठसकत वर आले. डोक्याला लोकर चिकटलेली. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली त्यातून वर आल्यावर त्यांचे पहिले शब्द होते, "नाकात गेलं."

गीत सुरू करायचं काम माझं. मी सुरू केलं, पण पहिल्याच ओळीत रडू फुटलं. सखूबाईनं आपला पदर पुढं केला.

पुढच्या रविवारी भाऊ दुसरा भोपळा घेऊन आले. लिलाव वगैरे काही नाही, मी त्याच्या घाऱ्या तळल्या आणि सगळ्या मंडळीनं खाल्ल्या. त्या दिवशी प्रभुभोजनाची थाळी फिरली. बाप्तिस्मा नाही म्हणून एवढी वर्षं ती नुसती हातात धरून पुढं सरकवणाऱ्या माणसानं भाकरीचा तुकडा घेतला आणि इतका वेळ चघळला की मागून द्राक्षरसाचे प्याले घेऊन येणाऱ्याला थांबावं लागलं.

पण गोष्ट इथं संपली असं वाटलं असेल तर तुम्ही लिंबाजीभाऊंना ओळखलं नाही. बाप्तिस्म्याला आठवडाही झाला नसेल, ते पडलेल्या चेहऱ्यानं आमच्याकडं आले. एका टेम्पोवाल्यानं पंक्चर काढून घेतल्यावर काहीबाही ऐकवलं, आणि भाऊंच्या तोंडून अशी शिवी गेली की शेजारच्या धाब्यावरची माणसं जेवता जेवता थांबली.

"बुडालो तवा जुना लिंब्या मेला म्हनले ना पाळकसाहेब? मंग हे कोन बोललं?"

ह्यांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलले. मला खरंच राग आला होता. "भाऊ, पोर जन्मलं त्याच दिवशी धावत सुटतं का? ते अंथरूण ओलं करतं, रडतं, पडतं. म्हणून कुणी त्याला परत पोटात घालतं? जन्मलात ना? आता वाढा. रोज वाढा. आणि टेम्पोवाल्याची माफी मागा."

"त्यो आता जालन्याच्या पुढं गेला आसंल."

"मग परत येईल तेव्हा मागा."

त्यांनी ते मनावर घेतलं. त्या टेम्पोवाल्यासाठी ते चौकात येणारा तसला प्रत्येक टेम्पो थांबवत राहिले. तो सापडला की नाही मला माहीत नाही. बाकीच्यांना मात्र फुकटात हवा भरून मिळाली. वर्गात ते पुढच्या वर्षीही सगळ्यांच्या आधी येऊन बसले. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, "आता तर खरं कळाया लागलंय, वैनी." शिवी पुढंही जायची. कमी झाली, पण जायची. गेली की त्याच दिवशी माफी मागायला जायचे, मग तो माणूस कोणत्याही गावचा असो. दुकान अर्धा दिवस बंद. धाब्यावरचे लोक चेष्टा करायचे, की लिंबाजी शिवी देईना का, पण नंतर येऊन बसतो ते सहन होत नाही.

मग ह्यांची बदली झाली. पाळकाच्या बायकोला घर लावायला आणि मोडायला शिकवावं लागत नाही. सामान टेम्पोत घातलं, मंडळीचा निरोप घेतला. निरोप समारंभाला भाऊ नव्हते. मला ते लागलं. सगळे आले आणि हाच माणूस नाही! मांजरसुंब्याला उतरून बघितलं तर दुकान बंद. चहावाला म्हणाला, गावाकडं गेलेत. किसनचे गुडघे गेले, आता त्याला पाण्यात उतरवत नाही.

आमची वाट तशी दिंद्रुडवरून नव्हती. पण मी हट्ट धरला, आणि टेम्पोवाल्यानं कुरकुरत गाडी तिकडून घातली. पाझर तलावाशी रस्ता जरा उंचावर आहे. तिथं गाडी थांबवली. खाली काठावर किसन दगडावर पाय पसरून बसला होता आणि काठी नाचवत ओरडत होता. शब्द वरपर्यंत ऐकू येत होते. "आसं धरत्यात का बे? गळा सोड तिचा! एवढी वर्सं झाली तरी अक्कल न्हाई!" आणि कंबरभर पाण्यात, एकटे, पांढरे झालेले केस कपाळाला चिकटलेले, लिंबाजीभाऊ. एक मेंढी धरायची, पोटाखाली हात घालायचा, चोळायची, पिळायची, काठाला लावायची. किसन ओरडला की मान हलवून "व्हय, व्हय" म्हणायचे आणि पुढच्या मेंढीला हात घालायचे.

"हाक मार ना," हे म्हणाले.

माझा सगळा रुसवा तिथंच गेला. "नको. काम चाललंय त्यांचं."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. दोघांपैकी कुणीच वर बघितलं नाही. काठावर अजून निम्मी मेंढरं कोरडीच उभी होती.